वरून तिसरं पान

मी बारा दिवस मूंगफलीच्या पानांना लाल लोकर बांधायचं काम केलं, आणि ते पण चुकीचं केलं. आता तुम्ही म्हणाल, लोकर बांधण्यात काय चुकणार? तेच तर. ज्यात कोणीच चुकू शकत नाही अशा कामात चुकणारा माणूस आमच्या खानदानात एकच निघाला, आणि तोच हे सांगून राहिला आहे.

खानदान तसं मोठं. इंदूरला बडा गणपतीजवळ आमची चार घरं, आणि चारी घरांत हेच सांगतात की पणजोबा राजाच्या फौजेत घोड्यावर होते. मी एकदा एका म्हाताऱ्या आत्याला खोदून खोदून विचारलं, तर ते घोड्यावर नव्हते, घोड्याच्या खाली होते. मतलब दाणावैरण, लीद वगैरे. तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल जरा आपलेपणा वाटतो. माझे भाऊ बँकेत, बिजली ऑफिसात, एक तर कॉलेजात शिकवतो. मी तिसरीतून सुटलो. मी लोकांना सांगत आलो की मी शाळा सोडली; खरं हे की मी गेलो ते मास्तरांना पता पण नाही लागलं. आकडे येतात मला. अक्षरांचं आणि माझं जमलं नाही.

मग काय काय केलं. सेव-नमकीनच्या दुकानात तोलायला बसलो, तर गिऱ्हाइकाआधी मीच चाखायचो. ई-रिक्शा चालवली, ती नाल्यात गेली. मी नाही गेलो, ही घरच्यांची तक्रार आहे. शेवटी भावाच्या ओळखीनं देपालपूर रोडवर एका कॉलेजचं शेत होतं तिथे लागलो. तिथे एक ताई पीएचडी करत होती. परभणीकडची. वर्षं झाली हिंदी बोलून बोलून कंटाळली होती बिचारी, तिला मराठी बोलणारा माणूस पाहिजे होता. मी पहिल्या दिवशी पाच मिनिटं बोललो. ती सगळं ऐकून म्हणाली, "काका, मराठीत बोला ना."

मी म्हटलं, "ताई, मराठीतच बोलून राहिलो."

शेतात मूंगफलीचे बारा वाण होते. ताई भुईमूग म्हणायची. प्रत्येक वाणाच्या ओळी, ओळीपुढे लोखंडी पाटी, पाटीवर नंबर. अर्ध्या वाफ्यांना पाणी बरोबर मिळायचं, अर्ध्यांना मुद्दाम तहानलेलं ठेवलेलं. वैशाखाचं ऊन, आणि हे लोक रोपाला पाणी न देण्यासाठी माणूस ठेवतात. मला पहिल्यांदा वाटलं की यांच्या डोक्यात काहीतरी गडबड आहे. मी आयुष्यभर फुकट काही न करता राहिलो, कोणी दमडी नाही दिली, आणि इथे पाणी न देण्याची मजुरी.

ताईनं मला समजावलं. तिला सवय होती, मजुराला पण शिकवायची.

"काका, पानाला बारीक बारीक तोंडं असतात. डोळ्यांना नाही दिसत. हवा आत घ्यायला पान ती उघडतं. त्या हवेतून आणि उन्हातून ते आपलं अन्न बनवतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणी बाहेर उडून जातं."

"मतलब जेवायचं तर तहान लागणारच."

"अगदी. आता काही वाण तोंड उघडंच टाकतात. भरपूर खातात, भरपूर पाणी घालवतात. काही तोंड मिटून बसतात. पाणी वाचतं, पण उपाशी राहतात. मला असा वाण शोधायचाय, जो पाणी थोडं घालवेल आणि तरी पोटभर खाईल."

मी म्हटलं, "ताई, मी नेमका याच्या उलटा आहे. मला पण एक पाटी लावून टाका."

ती हसली, पण तिच्या हसण्यात फार दम नव्हता. कारण तिच्याकडे टाइम नव्हता. हे तिचं शेवटचं वर्ष. पान किती खातं आणि किती पाणी उडवतं ते सांगणारं मशीन तिच्या कॉलेजात नव्हतं, ते दुसऱ्या गावाच्या कॉलेजातून मागून आणलेलं, तेही पंधरा सकाळींसाठी. पंधरा सकाळींत बारा वाणांमधला फरक दिसला तर तिचं मोठं पुस्तक पुरं होणार, डिग्री मिळणार. नाहीतर मशीन परत, ती पण परत. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. माझी मान फार चांगली डोलते. अख्ख्या इंदूरला त्या मानेनं फसवलंय मी.

मशीन मतलब एक पेटी, तिला नळी, नळीला चिमटा. चिमट्यात जिवंत पान पकडायचं, झाडावरच, तोडायचं नाही. थोडा वेळ थांबायचं, मग पेटीवर आकडे यायचे. मी मनात म्हणायचो, पानाला चिमटा काढून विचारतात, बाबा रे जेवलास का, तोंड धुतलंस का. यासाठी शिकावं लागतं वीस वर्षं. बरं झालं मी तिसरीतच सुटलो.

मशीन चालायचं नऊ ते अकरा. त्यानंतर ऊन इतकं चढायचं की पानं दुकान बंद करायची. दोन तासांत जितकी पानं होतील तितकी करायची, म्हणून शोधत बसायला वेळ नाही. तर माझं काम हे की आदल्या संध्याकाळी ओळीत फिरून पानांना लाल लोकर बांधून ठेवायची. सकाळी ताई सरळ लोकरीवर जाणार.

"कोणतं पान, नीट ऐका," ती म्हणाली. "प्रत्येक ओळीतलं पाचवं झाड. मधली फांदी. वरून तिसरं पूर्ण उघडलेलं पान. बस. दुसरं काही बघायचं नाही."

तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला तिसरं पान. मला वाटलं, जमलं.

पहिले दोन दिवस मी अगदी तसंच केलं. माझ्याबरोबर शेजारच्या गावची एक बाई होती निंदणीला, तिला सगळे जीजी म्हणत. तिची स्वतःची दोन बिघा जमीन पलीकडे, त्यातला बोअर पाण्याऐवजी हवा फेकायचा, म्हणून ती इथे. ती मला बघून बघून हसायची. दाढीवाला माणूस उकिडवा बसून पानाला लोकरीची गाठ मारतोय.

"भिया, कोकी सगाई हे?" कोणाचा साखरपुडा आहे, ती विचारायची.

"म्हारी," मी म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी सर आले. सर मतलब ताईचे गाइड. पांढरे बूट. बूट खराब होतील म्हणून ते बांधावरून खाली उतरत नसत. तिथूनच शेती करत. ताईनं तहानलेल्या वाफ्यात सात नंबरच्या पानाला चिमटा लावलेला. वरून तिसरंच होतं, मीच बांधलेलं. पण पिवळट, एका बाजूनं किड्यानं खाल्लेलं.

सर बांधावरून वाकले. "ये क्या पत्ता है? इससे अच्छा पत्ता नहीं मिला आपको?"

ताईचं तोंड एवढंसं झालं. ती इंग्रजीत काहीतरी बोलली, ते इंग्रजीत काहीतरी बोलले आणि गाडीत बसून गेले.

मला ते लागलं. खरंच लागलं. माझ्या हातचं पान, आणि आमच्या ताईची इज्जत गेली. आणि इथे माझ्या डोक्यात ते घुसलं जे आमच्या चारी घरांत सगळ्यांच्या डोक्यात आहे, की दाखवायचा माल वेगळा असतो.

मला स्वतःलाच असं दाखवलेलं आहे. लग्नाच्या वेळी मुलीकडचे येणार म्हणून मोठ्या भावानं स्वतःचं घड्याळ माझ्या हातात घातलं, खिशाला पेन लावलं, आणि सांगितलं, तू तोंड उघडू नको. सासऱ्यांनी विचारलं, "शिक्षण?" भाऊ म्हणाला, "बाहेरून चालू आहे." ते पण खोटं नव्हतं, मास्तर मला वर्गाबाहेरच उभं करायचे. सासरे खूश. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायकोनं माझ्या हातात बिजलीचं बिल दिलं, विचारलं, "कधीपर्यंत भरायचंय?" मी कागद बघितला, गंभीर झालो, म्हटलं, "आरामात भर." लाइन कटली. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला किंमत नाही. पण ते बघायला आले त्या दिवशी, त्या दोन तासांत, मी एकदम फर्स्ट क्लास मुलगा होतो हे बायको आजही कबूल करते.

तर मी ठरवलं, आता एकाही वाणाची बेइज्जती होऊ द्यायची नाही. संध्याकाळी ओळीत शिरलो आणि पाचवं झाड सोडून सगळी ओळ बघितली. कुठे छान हिरवंगार, जाड, चमकदार पान दिसेल ते निवडलं. सात नंबरच्या ओळीत तर मी अर्धा तास शोधला. ती ओळ मला आवडत नव्हती, फांद्या लांब पसरायच्या आणि माझ्या पायात यायच्या. तरी शेवटी एका सावलीतल्या कोपऱ्यात एक पान मिळालं, असं पान की साक्षात लग्नाला उभं करा. बांधली लोकर.

दुसऱ्या दिवशी पेटीवरचे आकडे चढले. ताई म्हणाली, "वा, आज छान येतायत."

बस. मला काय पाहिजे आणखी. सहा दिवस मी हेच केलं. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसानं केलं असतं तर त्याला बेईमानी म्हटलं असतं, मी केलं तर मला वाटलं सेवा. घरी जाऊन बायकोला सांगायचो की माझ्या हाताला गुण आहे, माझी पानं जास्त खातात.

ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "अहो, तुम्ही बांधता ते खाणारच. आज कोणाचं लग्न लावलंत?"

नवव्या दिवशी दुपारी ताई शेडमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. मी आणि जीजी बाजूला टिफिन उघडून. ताईनं एकदा, दोनदा आकडे बघितले. मग तिनं मशीनची पेटी उघडली, नळी काढली, पुसली, परत लावली. परत लॅपटॉप. मग सरांना फोन केला. सरांचा आवाज असा की फोनबाहेर पण बांधावर उभे असल्यासारखा यायचा.

"सब बराबर? बारहों वैरायटी एक जैसी? तो तीन साल आपने किया क्या?"

फोन ठेवला तिनं. मला म्हणाली, मतलब मला नाही, हवेत म्हणाली, "असं होऊच शकत नाही. डोळ्यांना दिसतंय ना वेगवेगळं. सात आणि अकरा तर लांबून ओळखू येतात."

मी म्हटलं, "मशीन खराब असेल, ताई. मागून आणलेली वस्तू..."

हे मीच म्हटलं. ऐका बरं. मीच.

ती उठून गेली तशी जीजी डब्याचं झाकण लावत माझ्याकडे बघून म्हणाली, "मशीन खराब नी हे. तम हो खराब. तम तो असा पत्ता छाँटो हो जसे पामणा वास्ते भटा छाँटे." पाहुण्यांसाठी वांगी निवडावीत तशी तू पानं निवडतोस. "सबका चोखा-चोखा काड्या, तो सब चोखा।"

माझा घास तिथेच थांबला. चौथी न बघितलेल्या माणसाला ज्या बाईनं शाळाच नाही बघितली तिनं एका वाक्यात समजावलं. प्रत्येक घरातून सगळ्यात गोरा मुलगा आणून उभा केला, आणि आता ताई म्हणतेय की सगळे गोरेच कसे.

आता इथे एखादा शहाणा माणूस उठला असता, ताईकडे गेला असता आणि सांगून टाकलं असतं. सहा सकाळी हातात होत्या अजून. पण मी विचार केला. आणि मी जेव्हा विचार करतो तेव्हा आसपासच्या लोकांनी सरकून उभं राहावं. मी विचार केला की सांगितलं तर मला काढतील, ताई रडेल, सर ओरडतील. फरकच पाहिजे ना तिला? फरक मी देतो.

त्या संध्याकाळी मी सात नंबरच्या ओळीतलं सगळ्यात मरतुकडं पान शोधलं आणि त्याला लोकर बांधली. अकरा नंबर मला पहिल्यापासून आवडायचा. आखूड, गडद, नीटनेटका, बँकेतल्या भावासारखा. त्याचं सगळ्यात तगडं पान घेतलं. बाकीच्यांना मनात येईल तसं: तू चांगला, तू मधला, तू नापास. आयुष्यात पहिल्यांदा मी मास्तर झालो होतो, आणि सांगतो, मजा येत होती.

तीन दिवस. बाराव्या दिवशी ताईनं लॅपटॉप बघितला आणि नुसती बघतच राहिली. मग हसली. या वेळेला खरं हसली, दात दिसले. फरक दिसून राहिला होता, आणि कसला फरक! सात नंबर तळाला, अकरा वर. तिनं परत सरांना फोन केला, आणि सर म्हणाले, "देखा? अब मशीन ठीक से चला रही हैं आप।" सर पण खूश. आणि लगेच ताईनं गाडी पाठवून पोहे-जिलेबी मागवली, सगळ्या मजुरांना. मला दोन जिलेब्या जास्त दिल्या, म्हणाली, "काका, तुमच्यामुळे पानं वेळेवर मिळतात."

मी खाल्ल्या. सांगायला लाज वाटते, पण जिलेबी चांगली होती.

तेवढ्यात जीजी हात पुसत ताईजवळ गेली. "बेटी, यो अग्यारा नंबर वालो बीज म्हने भी दे देजो। दो किलो। म्हारो बोर तो हवा फेंके हे।" अकराचं बी मला पण दे.

ताई म्हणाली, "हो जीजी. पुढच्या उन्हाळ्यात पहिलं बी तुम्हालाच. हा वाण कमी पाण्यात येईल, बघा तुम्ही."

जीजीनं माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. तिला वाटलं असणार की तिनं सांगितल्यावर मी सुधारलो. माझ्याबद्दल एवढा चांगला विचार करणारी ती दुनियेतली एकटी बाई, आणि मी तिच्या दोन बिघ्यांत माझ्या आवडीचं पान पेरून राहिलो होतो. आणि ताईचं मोठं पुस्तक माझ्या आवडीवर उभं राहणार होतं. इतकी मोठी जागा मला कधी मिळाली नव्हती.

सगळे उठल्यावर मी ताईजवळ गेलो.

"ताई, ते अकरा नंबरचं पान मी बघून बांधलंय."

"हो काका, बघूनच बांधायचं असतं," ती वहीत काहीतरी लिहिता लिहिता.

"तसं नाही. निवडून."

"निवडून म्हणजे?"

"म्हणजे ताई, तुम्ही समजा मुलगी बघायला गेलात..."

"काका, मला आत्ता वेळ नाहीये."

"अकराचं सगळ्यात चांगलं बांधलंय आणि सातचं सगळ्यात खराब. तीन दिवसांपासून. त्याच्या आधी सगळ्यांचं चांगलं बांधलं होतं."

तिचं पेन थांबलं. तिनं वही मिटली, उठली आणि म्हणाली, "चला. दाखवा."

भर उन्हात आम्ही ओळीत गेलो. मी दाखवलं. अकराचं दाखवलं. सातचं दाखवलं. तिनं पाचवं झाड मोजलं, मधली फांदी धरली, वरून एक, दोन, तीन बोट ठेवलं. त्या पानावर लोकर नव्हती. लोकर चार झाडं पुढे एका कोमेजलेल्या पानावर लटकत होती.

"का?" तिनं विचारलं.

"सर म्हणाले होते ना, अच्छा पत्ता नहीं मिला क्या."

"किड्यानं खाल्लेलं नको म्हणाले ते. देखणं पाहिजे असं कुठे म्हणाले?" तिचा आवाज फाटला. "काका, मला वाणाचा लग्नातला फोटो नको होता. मला त्याचं रोजचं तोंड पाहिजे होतं. रोजचं! म्हणून तर सांगितलं की दुसरं काही बघू नका."

मी म्हटलं, "पहिले तीन दिवस मात्र खरे आहेत, ताई. देवाशप्पथ."

"तुमची शपथ पण निवडूनच आणलेली असेल," ती म्हणाली.

आयुष्यात मला पुष्कळ लोक बोलले, बायको रोज बोलते. पण इतकं बरोबर कोणी बोललं नाही.

शेडमध्ये येऊन तिनं वहीतल्या बारा दिवसांवर एक एक आडवी रेघ मारली. हळू हळू, पट्टी लावून. पहिल्या तीन दिवसांवर पण. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला वाटलं, जोरानं फाडून टाकली असती तर बरं होतं, निदान मी काहीतरी उचलायला वाकलो असतो.

मशीन परत जायला तीन सकाळी होत्या. बारा वाण तीन सकाळींत होत नव्हते. तिनं बसून सहा निवडले, बाकी सहा सोडले. वर्षाची अर्धी मेहनत एका बोटानं वजा केली तिनं, हिशेब लावता लावता ओठ चावत. मग माझ्याकडे हात पुढे केला.

"लोकर द्या इकडे."

संध्याकाळी ती स्वतः बांधत फिरली, आणि बरोबर जीजी. जीजी बोटांवर मोजायची, "एक, दो, तीन," आणि तिसऱ्यावर गाठ. पान कसं आहे ते बघायची पण नाही. किती सोपं होतं ते! बघायचंच नव्हतं. मी आयुष्यभर जे करत आलो, न बघणं, न समजणं, न विचार करणं, ते जिथे पहिल्यांदा कामाचं होतं, नेमकं तिथेच मी डोकं लावलं.

मला पानांपासून दूर ठेवलं. सकाळी मशीनच्या पेटीवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरून उभं राहायचं, एवढंच. पेटी गरम झाली तर आकडे बिघडतात. आणि ताईनं सांगितलं, "काका, सावली पेटीवर पाहिजे, पानावर एक काडीची नको." तीन सकाळी मी छत्री धरून असा उभा होतो जसा देवळातला दगड. नाकावर माशी बसली, हाकलली नाही. मला पहिल्यांदा भीती वाटत होती की माझी सावली कुठे पडते.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता तिनं चिमटा काढला, नळी गुंडाळली. दुपारी हिशेब लावला. मी विचारलं नाही. तिनं स्वतःच सांगितलं, लॅपटॉपकडे बघत.

"फरक आहे. तुमच्याएवढा मोठा नाही. पण आहे."

"अकरा?"

"अकरा तोंड मिटून बसतो. पाणी वाचवतो, आणि उपाशी राहतो. जीजीच्या शेतात लावला असता तर पाला हिरवागार आणि शेंगा मोजून घ्या."

"सात?"

"सात पाणी घालवतो, पण खातो सगळ्यात जास्त. पाणी असेल तिथे चांगला आहे." मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "चार नंबर. चार पाणी पण कमी घालवतो आणि खातो पण."

चार? मला चार आठवेचना. मी इतके दिवस त्या ओळीतून गेलो होतो, दहा वेळा वाकलो होतो, आणि मला त्याचं एक पान डोळ्यांसमोर येईना. ना गडद, ना पिवळा, ना पायात येणारा. मी त्याला मधला म्हणून सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ताई सरांना दाखवायला गेली. मशीनची पेटी उचलायची होती म्हणून मी बरोबर. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं; दार उघडं होतं, मी दारात थांबलो.

सरांनी कागद उलटले. "छह? बारह थे न? और पहले बारह दिन की रीडिंग कहाँ गई?"

"हटा दी, सर. पत्ते चुनने में गलती हुई थी."

"किसकी गलती?"

ताई म्हणाली, "मेरी, सर. मैंने देखा नहीं।"

मला हे सहन नाही झालं. मी, ज्यानं आयुष्यात एक पण गोष्ट स्वतःच्या अंगावर घेतली नाही, मला त्याच क्षणी मर्दानगी आठवली. मी दोन पावलं आत गेलो आणि म्हटलं, "नहीं सर. गलती मेरी है. पत्ते मैंने चुने. मैडम का कोई कसूर नहीं।"

छाती फुगली होती माझी. मला वाटलं आता सर मला ओरडतील, मी खाली मान घालून ऐकीन, ताई वाचेल.

सरांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. चपलांपाशी जरा थांबले. मग माझ्याशी एक शब्द नाही बोलले, ताईकडे वळले.

"आपने पत्ते इनसे चुनवाए?"

ताईनं डोळे मिटले. "जी सर।"

"इनसे?"

"आख़िरी तीन दिन मैंने खुद बाँधे हैं, सर। ये छह वैरायटी वही हैं."

मग जे झालं ते मी उभं राहून ऐकलं. पंधरा मिनिटं. निष्काळजीपणा, जबाबदारी, भरोसा, मजूर आणि विज्ञान, सगळं. एक एक वाक्य माझ्यामुळे तिला पडत होतं, आणि मी मध्ये नसतो आलो तर ती एका "मैंने देखा नहीं" वर सुटून गेली असती. तिनं सगळं खाली बघून ऐकलं. मध्ये मी एकदा तोंड उघडलं, तर तिनं नुसतं बोट वर केलं. मी मिटलं.

शेवटी सरांनी पेन काढलं. "ठीक है। छह में ही लिखो। चार नंबर को अगले सीज़न खेत में फिर से जाँचना। और पत्ते..."

"मैं बाँधूँगी, सर।"

सही केली त्यांनी. ताईनं कागद घेतले. छातीशी धरले.

बाहेर आल्यावर मी पेटी उचलली. गाडीपर्यंत ती पुढे, मी मागे. मी पेटी आत ठेवली, दार लावलं, आणि तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली,

"काका, गप्प बसायचं काय घ्याल?"

मी म्हटलं, "चहा."

आणि तिनं पाजला. मी दोन प्यायलो.